कालचा भाव

माझ्या एका ओळीपायी यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्याचे दहा हजार आठशे रुपये बुडाले. हिशेब पक्का आहे. नव्वद क्विंटल माल, क्विंटलमागे १२० रुपयांचा फरक. गृहस्थ माझ्या नात्यातले नाहीत. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो, म्हणून मीही म्हणतो.

मी केळीचे रोजचे भाव दाखवणारं एक संकेतस्थळ चालवतो. नवती, पिलबाग, वापसी या मालाच्या प्रकारांच्या तीन ओळी आणि खाली तारीख. संध्याकाळी भाव हाती आले की मी ते चढवायचो. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मोबाईलला जेमतेम एक दांडी यायची. पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येई. लोक कुरकुरायला लागले आणि मी हेडरांच्या वाटेला गेलो.

केळीचा ट्रक सावद्याहून दिल्लीला निघतो तेव्हा सोबत बिल्टी असते. माल काय, किती, कुणासाठी, हे ताडपत्री न सोडता कळतं. सर्व्हर पान पाठवतो तेव्हा असंच होतं. आधी बिल्टीच्या ओळी, म्हणजेच हेडर, मग एक कोरी ओळ, मग माल. ब्राउझरही मागणी करताना स्वतःची चिठ्ठी जोडतो: मराठी चालेल, दाबून बांधलेला मजकूर चालेल. १९९१च्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीत यातलं काहीच नव्हतं. पान मागा, पान घ्या, संपलं.

या बिल्टीनं माझी एकदा आधीही फजिती केली होती. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर यूटीएफ-८ म्हणून साठवला की फाईलच्या तोंडाशी तीन न दिसणारे बाइट बसत. सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या पीएचपीला वाटे, माल निघाला, आता बिल्टी कसली पाठवता? ‘हेडर आधीच गेले आहेत’ एवढीच तक्रार ते करी. मी दोन रात्री ती फाईल डोळ्यांत तेल घालून वाचली. जे दिसतच नाही ते वाचून सापडत नाही, हे तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं. त्या वेळी नुकसान माझ्या झोपेचंच झालं, म्हणून त्याचं कौतुक सांगत फिरलो.

आता मूळ गोष्ट. कॅश-कंट्रोल नावाच्या हेडरात मॅक्स-एज लिहिता येतं. म्हणजे ही प्रत इतके सेकंद ताजी समजा, तोवर मला विचारायला येऊ नका. मी ८६४०० लिहिलं, म्हणजे एक दिवस. चित्रांनाही तेच, भावाच्या पानालाही तेच. वेगळं लिहायचा कंटाळा केला, दुसरं कारण नाही.

पान एकदम पळायला लागलं. सर्व्हरची नोंदवही उघडली तर येणाऱ्या मागण्या निम्म्यावर आलेल्या. मी खूश झालो, दोघाचौघांना ते आकडे दाखवलेही. लोक विचारायलाच येत नव्हते, कारण विचारू नका असं मीच त्यांच्या फोनला बजावलं होतं. ते मला यश वाटलं.

आठवडाभरानं नानांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “भाऊ, तुमचं पान मले कालचाच भाव दाखवू राह्यलं का?” आदल्या दिवशी सहाच्या सुमारास त्यांनी पान उघडलं होतं. आठला मी वाढलेला भाव चढवला. सकाळी सातला व्यापारी बांधावर उभा, नानांनी फोन काढला, फोननं साठवलेली प्रत दाखवली आणि सौदा ठरला. शेजारच्या बागेतल्या पोरानं त्याच सकाळी पहिल्यांदा पान उघडलं, त्याला खरा भाव मिळाला. पानावर तारीख होती, पण बारीक अक्षरात. ती बारीक ठेवणाराही मीच.

मी नानांना काय म्हणालो? “माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.” हे वाक्य आठवलं की अजून कान तापतात. माझ्याकडे बरोबर दिसणारच होतं. काम करताना मी ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडी ठेवायचो आणि त्यात ‘साठवलेलं वापरू नको’ ही खूण कायम केलेली असायची. अख्ख्या तालुक्यात माझी चूक ज्याला दिसू शकत नव्हती असा माणूस मीच होतो.

दहा वाजता ओळ बदलली. तरी दिवसभर फोन येत राहिले. पोचलेली बिल्टी परत बोलावता येत नाही. ज्यांच्याकडे जुनी प्रत होती त्यांचे फोन मला विचारणारच नव्हते. हेडरातली चूक अशीच चिकटून बसते. आपण कोणत्या पानावरून आलो हे ब्राउझर ज्यात सांगतो, तो रेफरर हेडर १९९६च्या लेखी नियमांत इंग्रजीत एक ‘आर’ गाळून छापला गेला. आजही सगळं जग तो तसाच लिहितं. ती चूक निदान कुणाची केळी स्वस्तात विकत नाही.

मग घाबरून मी उलट टोक गाठलं. सगळीकडे नो-स्टोअर, म्हणजे काहीच साठवू नका. पान पुन्हा चहाइतकं लांबलं आणि पायथ्याच्या गावांनी आमचा नाद सोडला. मला हवं होतं ते नो-कॅश. नावावरून वाटतं की साठवू नका. अर्थ मात्र साठवा, पण वापरण्याआधी विचारा असा. ते मी नावावर विसंबून वाचलं होतं. सोबत ई-टॅग लावला, म्हणजे प्रतीवरचा शिक्का. फोन विचारतो, माझ्याकडे या शिक्क्याची प्रत आहे, चालेल का? सर्व्हर ३०४ म्हणतो: चालेल. माल जात नाही, नुसती बिल्टी जाते. एका दांडीवरही ती पटकन पोचते. चित्रांना तेवढा मॅक्स-एज पुन्हा लावला.

पैसे घेऊन मी नानांकडे गेलो होतो. त्यांनी पाकीट हातात घेतलं, न उघडताच परत दिलं आणि घरात भरीत टाकायला सांगितलं. जेवताना व्यापाऱ्याला त्यांनी दोन शिव्या दिल्या, मला एकही नाही. मला एखादी चालली असती.

पान आता बरोबर चालतं. नाना तरी मालाची कटाई असली की आदल्या रात्री फोन करतात. “पानावर दिसतंय ते मी पाहेल आहे,” म्हणतात, “तू सांग.” मी थांबा म्हणतो, खिडकी बंद करतो, दुसऱ्या साध्या फोनवर पान उघडतो आणि मग त्यांना आकडा सांगतो.