भरती बघून निघा, बॉस!

रविवारी सकाळी सहाचा अलार्म लावून उठणं हा आपला प्रांत नव्हेच! पण ‘नवी मुंबईत राहतेस आणि अजून फ्लेमिंगो बघितले नाहीस?’ हा टोमणा ऑफिसात तिसऱ्यांदा ऐकला आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी थेट नेरूळचं डीपीएस तळं गाठलं. पाम बीच रोडजवळ, टॉवर्सच्या शेजारी, जेमतेम ३० एकरांचं. कॅमेरा तयार, कॉफीचा फ्लास्क तयार. तळ्यात मात्र दोन बगळे आणि चार शेकाटे. बस्स!

वैतागून परत फिरले, तर मॉर्निंग वॉकला आलेले एक आजोबा हसले. ‘‘घड्याळ कसलं बघतेस बाळा? भरती किती वाजता आहे ते बघ.’’

त्यांचं गणित सोपं होतं. रोहित, म्हणजेच आपले फ्लेमिंगो, ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात पोट भरतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो. मग उभं राहायला उथळ जागा हवी. ती जागा म्हणजे हे तळं.

थांबले. दोनेक तासांनी आकाशात एक गुलाबी रेघ दिसली आणि बघता बघता शेकडो रोहित उतरले. मान खाली, चोच उलटी, पाणी गाळून शेवाळ खाणं सुरू. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात. कॉफी फ्लास्कमध्येच थंड झाली!

पण भरती या तळ्यालाही लागते. २०२४ मध्ये खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली, तळं सुकलं आणि इथे रोहित मरून पडल्याच्या बातम्या आल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. झकास! फक्त एवढंच, की पाणी कागदावरून येत नाही. ती वाट मोकळी राहायला हवी. म्हणूनच आजोबा रोज आधी पाणी बघतात, मग पक्षी. निघताना मीही तेच केलं.

कधी जाल? डिसेंबर ते मे, भरतीच्या वेळी.
कसं जाल? हार्बर लाइनवर सीवूड्सला उतरा, पुढे रिक्षा.
काय न्याल? दुर्बीण. आणि हो, फोटोसाठी दगड मारून थवा उडवू नका, प्लीज!