रायटर मिळाला का?

मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत बाकीचं पुणं उन्हाबद्दल नाहीतर दिवाळीच्या गर्दीबद्दल बोलत असतं. आमच्या संस्थेच्या दीड खोलीत तेव्हा एकच विषय असतो, रायटर मिळाला का? अंध विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची आणि तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहायचं, हे काम करणारा तो रायटर. सरकारी कागदावर त्याला लेखनिक म्हणतात, पण पेपरच्या आदल्या रात्री साडेनऊला रडवेल्या आवाजात फोन करणारा मुलगा रायटरच मागतो. मी या यादीत आधी एक नाव म्हणून होते, मग यादी माझ्याकडे आली आणि राहिली.

नववीत असताना मराठीच्या बाईंनी वर्गात विचारलं, "शुद्ध कोण लिहितं गं?" सगळ्यांनी माझ्याकडे आणि आणखी एकीकडे बघितलं. बाईंनी दोघींची नावं चिठ्ठीवर लिहून घेतली, झाली नोंदणी. इच्छा आहे का, वेळ आहे का, राहतेस कुठे, असलं काही विचारण्याची पद्धत नव्हती. दहावीच्या विद्यार्थ्याचा रायटर खालच्या इयत्तेतला हवा, म्हणून ही मुलं नववीतूनच उचलायची. बाबांनी संमतीपत्रावर सही केली. आई म्हणाली, "अगं, पण तुझ्या परीक्षेचं काय?" या प्रश्नाला मी आजवर बनवलेल्या कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना सापडलेला नाही.

इतिहासाचा पेपर होता. इतरांना त्रास नको म्हणून वेगळी खोली. त्यात एक पर्यवेक्षक आणि आम्ही दोघं. मुलगा वसतिगृहात राहणारा. मनगटावर ब्रेलचं घड्याळ, काचेचं झाकण उघडून काट्यांवरून बोट फिरवायचं आणि टक् करून बंद करायचं. मी प्रश्न वाचला की म्हणायचा, "परत." दुसऱ्यांदा वाचला की थोडा वेळ गप्प आणि मग स्वल्पविरामासकट वाक्यं. माझं पेन कुठे रेंगाळतंय हे त्याला आवाजावरून कळत होतं. एका उत्तरात त्याने सन चुकीचा सांगितला. मला बरोबर सन माहीत होता आणि पेन थबकलं. "काय झालं?" असं काही त्याने विचारलं नाही. "मी सांगतो तेच लिही," एवढंच म्हणाला. मी लिहिलं. त्या रात्री मला त्याच्या त्या एका मार्काची हळहळ वाटली, आणि त्याच्या आवाजातला ताठपणाही आवडला.

कॉलेजात आल्यावर मी संस्थेत क्रमिक पुस्तकं वाचून कॅसेटवर ध्वनिमुद्रित करायला जाऊ लागले, आणि एके दिवशी तिथल्या काकांनी रायटरांची वही माझ्या हातात दिली. लाल कापडी पाठीची, लांबोडकी, किराणा दुकानात उधारीची असते तशी. पट्टीने आखलेले रकाने : नाव, पत्ता, शिक्षण, फोन. फोनच्या रकान्यात निम्म्या ठिकाणी 'पीपी'. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधी त्यांच्या सुनेची खुशाली विचारायची, मग त्या जिन्यातून हाक मारणार, मग ती मुलगी धापा टाकत येणार. एवढं करून "हो, येते" म्हणालेली मुलगी पेपरला आली नाही असं क्वचितच व्हायचं. तिचा होकार तिच्या आईने ऐकलेला असायचा, वरच्या काकूंनीही.

काकांनी समासात बारीक अक्षरात खुणा केल्या होत्या. 'उशिरा येतो, अर्धा तास आधीची वेळ सांगावी.' 'अक्षर सुंदर, वेग कमी, भाषेच्या पेपरला द्यावी.' 'वाचताना पुटपुटतो.' एका नावापुढे नुसतंच 'नको'. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यादी खरी होती ती या समासात.

पण त्या वहीचं कौतुक मला एका मर्यादेपर्यंतच करवतं. तिच्यातली नावं चार पेठा, दोन कॉलेजं आणि काकांचा गोतावळा यांच्या पलीकडे गेलेली नव्हती. आडनावं वाचत गेलं तर एखाद्या मंगल कार्यालयातल्या पंगतीची यादी वाटावी. भोसरीतल्या कामगार वस्तीतल्या मुलीला हे काम करावंसं वाटलं असतं तर तिने कुठे जायचं होतं? वही तिच्यापर्यंत पोचतच नव्हती.

मोबाइल आले आणि पीपी गेले. आम्ही एसएमएसवर आलो. पेपरच्या दोन दिवस आधी एक, आदल्या संध्याकाळी एक. २०११ च्या सप्टेंबरात ट्रायने जाहिरातबाजांना आवरण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, तेव्हा ऐन परीक्षेत आमची आठवणपत्रं अडकली. मग संस्थेतल्या तिघांचे फोन जमा करून पाळीपाळीने पाठवत बसायचं. नोव्हेंबरात मर्यादा २०० झाली, तोवर परीक्षा बऱ्याचशा उरकल्या होत्या.

त्यानंतर वेबसाइट आली. एका कार्यकर्तीच्या भाच्याने फुकट करून दिली. 'रायटर म्हणून नाव नोंदवा' असं एक निळं बटन. दाबलं की नाव, मोबाइल, ईमेल, शिक्षण, सबमिट. कोणी तरी त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवला आणि एका आठवड्यात एवढी नावं आली की वहीत वर्षानुवर्षं आली नव्हती. हिंजवडीतून, पिंपरीतून, तळेगावातून. नांदेड, बीडहून पुण्यात स्पर्धा परीक्षांना आलेली मुलं. न्यू जर्सीहून एका बाईंनी नाव नोंदवलं, "मी जुलैत येते, तेव्हा काही असेल तर सांगा." जुलैत काही नसतं. त्यांना आम्ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करायला दिली, त्या अजून करतात. भोसरीची मुलगीही आली. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, वेग भन्नाट. वेबसाइटबद्दल मी काहीही कुरकुर करत असले तरी एवढं तिच्या खात्यात जमा आहेच.

कुरकुर अशी की परीक्षेला माणसं येईनात. बटन दाबण्यापुरता होकार होता, आणि तो बहुतेकांनी रात्री अकराला, फोनवर काही तरी चांगलं वाचून झाल्यावर दिलेला असायचा. दोन महिन्यांनी आम्ही फोन केला की, "कुठून बोलताय?" इथपासून सुरुवात. काही जण आदल्या संध्याकाळपर्यंत "येस मॅम" म्हणत आणि सकाळी साडेआठला निरोप, ऑफिसमध्ये अचानक काम निघालंय. यात कोणी वाईट नव्हतं. पण त्या खोलीत प्रश्नपत्रिका हातात घेऊन बसलेल्या मुलाला ती वाचता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या फॉर्मने कोणालाच सांगितली नव्हती.

शिक्षणाच्या रकान्याची तर वेगळीच गंमत. लोक अभिमानाने भरतात : एम.ए., एम.टेक., सीए, निवृत्त प्राध्यापक. आणि बी.ए.च्या मुलाला यातलं कोणीही चालत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ च्या फेब्रुवारीत सूचना काढल्या, त्यात रायटरच्या शिक्षणाची, वयाची अट घालू नये असं होतं. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास, हेही त्यातच. जिल्हावार रायटरांची पॅनेल करावीत असंही होतं. ती सगळीकडे उभी राहिली असती तर मी आज बागकाम करत असते. मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये नव्या सूचना आल्या आणि विद्यार्थी स्वतःचा रायटर आणणार असेल तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली हवं असं ठरलं. त्यामागचं कारण पटतं. शेजारी बसलेला विद्वान स्वतःच पेपर सोडवू लागला तर? पण आमच्या यादीतले सगळ्यात हौशी, सगळ्यात मोकळे आणि सगळ्यात वेळ पाळणारे लोक, म्हणजे निवृत्त मंडळी, एका फटक्यात बाद झाले. बाद कसलं, त्यांना वाचनाला, ध्वनिमुद्रणाला लावलं; पण फोनवर "काका, तुम्ही फार शिकलेले आहात" असं सांगताना जीभ जड होते. ज्यांची गरज आहे ती नववीतली आणि बारावी झालेली मुलं, आणि त्यांच्याही परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत.

शिवाय अक्षर. आयटीतला मुलगा, मनाने सोन्यासारखा, तास-सव्वा तास लिहून झाल्यावर बोटं झटकत बसला, कारण कॉलेज सुटल्यापासून सहीपलीकडे हाताने काही लिहिलेलंच नव्हतं. देवनागरीत तर नाहीच.

मग आम्ही फॉर्म मुद्दाम लांब केला. भाचा म्हणाला, "मावशी, रकाने वाढवले की लोक अर्ध्यात सोडून जातात." मी म्हटलं, जाऊ देत. आता त्यात पूर्ण केलेलं शिक्षण विचारतो, चालू असलेलं वेगळं. मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत यांतलं सलग तीन तास हाताने काय लिहिता येईल ते विचारतो. एक उतारा पेनाने लिहून त्याचा फोटो जोडायला सांगतो. आणि शेवटचा प्रश्न : पेपरच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्याला भेटायला अर्धा तास काढाल का? चाळणी तीच. ज्याला तो अर्धा तास जड वाटतो त्याला पेपरचे चार तासही जड जाणार. नावं कमी झाली, माणसं वाढली. प्रत्येक पेपरला एक राखीव रायटरही ठेवतो. राखीव बसून राहिला आणि गरज पडली नाही तरी संस्थेतून त्याला आभाराचा फोन जातो, कारण तो पुढच्या वेळी टिकतो तो या फोनमुळे. मोबाइल नंबर मात्र आता दोन्ही बाजूंनी परस्पर देत नाही. पूर्वी वही टेबलावर उघडी पडलेली असायची. आज ती चूक परवडणार नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

हे सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना आमचा एक जुना विद्यार्थी वेबसाइट बघायला आला. बघायला, हा त्याचाच शब्द. पूर्ण अंध आहे, आता बँकेत अधिकारी. त्याने लॅपटॉपवर एनव्हीडीए सुरू केलं, हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि आवाज मोठा ठेवला. आमचं पान बोलू लागलं : "बटन. बटन. ग्राफिक. बटन." कोणत्याच बटनाला नाव दिलेलं नव्हतं. तारीख निवडायचं कॅलेंडर त्याला उघडलं पण त्यातून बाहेर पडता येईना. आणि 'रायटर हवा आहे' या विद्यार्थ्यांच्या फॉर्मखाली एक चित्र होतं, त्यातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला. तो इतका हसला की शेवटी आम्हीही हसलो. अंध मुलांसाठीचा फॉर्म इतके दिवस त्यांचे डोळस मित्रच भरत होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

ते चित्र काढलं. कॅलेंडरच्या जागी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने आले. प्रत्येक बटनाला नाव मिळालं. आता तोच यादी सांभाळायला मदत करतो. शनिवारी दुपारी कानात इअरफोन घालून नवी नावं ऐकतो आणि प्रत्येकाला फोन करतो. बोलणं संपलं की मला सांगतो, हिला गणिताला देऊ नका, वाचताना आकडे गिळते, हा येईल, याचं "बघतो" आहे, राखीवमध्ये टाका. मी ते शेऱ्याच्या रकान्यात टंकते. भाच्याने हा रकाना आधी ठेवलेलाच नव्हता, मागून घ्यावा लागला.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून होतो. दोनदा शब्द देऊन न आलेल्यांची नावं काढून टाकावीत असं माझं म्हणणं. तो काढू देत नाही. म्हणतो, मॅडम, दहावीला माझा रायटर पहिल्या पेपरला आला नव्हता, दुसऱ्यापासून सगळ्यांना आला. मी म्हणते, पहिल्या पेपरला काय झालं तुझं? तो म्हणतो, शाळेच्या शिपायाचा मुलगा आठवीत होता, त्याला आणून बसवलं, पास झालो की.

नावं अजून तशीच आहेत, नुसती वेगळ्या रंगात. या ऑक्टोबरच्या यादीत जवळजवळ सगळे पेपर भरलेत. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या संस्कृतला मात्र अजून कोणी नाही. बारावी झालेलं, देवनागरी भराभर लिहिणारं, विसर्ग न खाणारं कोणी तरी हवंय. आणि संस्कृतचे दोन निवृत्त प्राध्यापक रोज फोन करून विचारताहेत की आम्ही येऊ का.