पेटी की सॅक?

चार बाय पाच इंची फिल्मचा कॅमेरा म्हणजे अख्खा संसार! भात्याचा कॅमेरा, लेन्स, काळं कापड, ट्रायपॉड आणि होल्डर. एका होल्डरात फिल्म फक्त दोन, म्हणजे होल्डरच ढीगभर. पेलिकनची पेटी दणकट, पण सिंहगडावर न्यायला हमाल लागेल. शिवाय हवाबंद पेटीत पुण्याचा पावसाळा एकदा शिरला, की तिथेच मुक्काम! लेन्स आजोबांच्या स्टुडिओतली. तिला बुरशी लागली तर तशी दुसरी कुठून आणू?

म्हणून ट्रेकची सॅकच घेतली. कॅमेरा मिटवून पाठीलगत, भोवती फोम. होल्डर झिपच्या पिशव्यांत, कारण धुळीचा एक कण फिल्मवर बसला की आभाळात काळा ठिपका. लेन्स स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलसकट. घरी आलं की सगळं बाहेर, पंख्याखाली. आई डबा परत मागतेय. बघू!