आडनावात राहिलेले गाव : बेने इस्रायल आणि अष्टागराची उन्हाळी वाट

१/ मे महिना लागला की अष्टागरातील वाड्यांमध्ये बंद घरांची कुलुपे निघतात. मुंबईकर गावी येतात, माजघरात आंब्याच्या अढ्या लागतात, एका घरचा पाहुणा चार घरी जेवतो. या भेटीगाठी उन्हाळ्यातच का होत, याचे उत्तर समुद्रात आहे. पावसाळ्यात बंदरे बंद पडत, पडाव किनाऱ्यावर ओढून ठेवले जात. म्हणून आप्तांना भेटायचे ते मृगाच्या आधी. पिढ्यान्‌पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरणाऱ्या या गर्दीत एक समाज असा होता, की ज्याची आज फार थोडी घरे येथे उरली आहेत. हा धागा त्या समाजाच्या परतीच्या वाटेविषयी आहे.

२/ किहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. ही आडनावे ओळीने वाचली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडचा, नकाशाच डोळ्यांसमोर उभा राहतो. ही सर्व आडनावे बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंचीही आहेत. पुढची नावे सॅम्युएल, डेव्हिड, रिबेका. मागचे नाव मात्र कोकणातल्या एखाद्या गावाचे.

३/ समाजाची परंपरा सांगते, की पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेले मृतदेह त्यांनी किनाऱ्याजवळच पुरले. हे केव्हा घडले? हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात इसवी सनापूर्वीचा दुसरा शतकारंभ सुचवला. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९३७ मध्ये, तेल अवीवमधून प्रसिद्ध झाला. गलबताच्या काळाला पुष्टी देणारा समकालीन लेख नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे 'परंपरा' आणि 'पुरावा' हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. पण पुरावा नाही म्हणून परंपरेला टाकाऊही समजू नये. नवगावचे कब्रस्तान आणि तेथील स्मारकस्तंभ आजही त्या स्मृतीची जागा दाखवतात.

४/ वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. हिब्रू भाषा विसरली गेली होती. तरी शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकून होती. सणांना मराठी नावे मिळाली : नव्याचा सण, खिरीचा सण. डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने या खुणा ओळखल्या आणि तीन कुटुंबांतील माणसांना धर्मविधी शिकवले, अशी दुसरी परंपरा आहे. राहाबीचा काळ कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

५/ इंग्रजी अमदानीत पलटणीत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या आणि समाज मुंबईकडे सरकला. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पुढे १८४६ मध्ये पेसाहच्या रात्री वाचायचा हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतील चित्रात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा भाजताना दिसतात. १८८० च्या सुमारास बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. शहरात शिकलेला माणूस उन्हाळ्यात गावी येई, तो अशी पुस्तके आणि अशी पदे घेऊन येई.

६/ गावी आल्यावर भेटींचा एक ठरलेला क्रम असे : आधी घरची वडील माणसे, मग सोयरे, मग शेजारी. अलिबागच्या इस्रायल आळीतील 'मागेन अबोथ' सिनेगॉग मूळ १८४८ चे, १९१० मध्ये नव्याने बांधलेले. रेवदंड्याचे 'बेथ एल', पेणचे 'बेथ हाएलोहीम' ही त्याच वाटेवरची आणखी दोन ठिकाणे. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नबी, म्हणजे पैगंबर एलिया, येथूनच रथातून स्वर्गात गेला अशी समाजाची श्रद्धा. नवस फेडताना मलिदा होतो : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि फळे. हा नैवेद्य पाहून कोकणातल्या कोणालाही परकेपणा वाटणार नाही.

७/ १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि वाटेची दिशा उलटली. १९५० च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या अंदाजे वीस हजार होती. आज ती काही हजारांवर आली आहे. पण नव्या देशात सारेच रमले नाहीत. भेदभावाची तक्रार करीत काहींनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना मुंबईला परत आणण्यात आले. त्यांतले अनेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

८/ याहून जिव्हारी लागला तो विवाहाचा प्रश्न. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश दिले. नवगावच्या कब्रस्तानात ज्यांचे पूर्वज निजले होते, त्यांच्याकडे ज्यू असल्याचा दाखला मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्याच ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि त्यानंतर निर्देशातील त्यांचा नामोल्लेख वगळण्यात आला.

९/ येथे थोडे थांबून विचार करावा. कोकणातल्या गावाने या माणसांकडे कधी वंशावळ मागितली नाही. शनिवारी घाणा बंद असतो, एवढी ओळख शेजाराला पुरली. परंतु या आठवणीचे अतिगोडवे गाऊ नयेत. 'तेली' म्हणून जातीच्या उतरंडीत जागा ठरली होतीच आणि समाजांतर्गत 'गोरे' व 'काळे' असा भेदही होता. सहिष्णुता म्हणजे समता नव्हे. तरीही केवळ ज्यू असल्यामुळे या किनाऱ्यावर छळ झाला नाही, ही समाजाने वारंवार सांगितलेली गोष्ट आहे, आणि विसाव्या शतकाचा युरोप आठवला की तिचे मोल कळते.

१०/ आता पाहुणे दुरून येतात. इस्रायलमध्ये वाढलेली नातवंडे आजीचे मराठी अडखळत बोलतात. तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. ती खंडाळ्याला मलिदा करतात, कब्रस्तानात नावे शोधतात, आणि आडनावात जपलेले गाव प्रत्यक्ष पाहतात. ज्या गावी एकही नातलग उरलेला नाही, तेथेही जुने शेजारी 'हे घर तुमचे' म्हणून बोट दाखवतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पण ओस पडणाऱ्या सिनेगॉगांना आणि कब्रस्तानांना दर्जाइतकीच देखभालीचीही गरज आहे.

११/ यंदाच्या मे महिन्यात मांडव्याला उतरणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यासोबत इस्रायल आळीतूनही एक फेरी मारावी. सिनेगॉग ही प्रार्थनेची जागा आहे. विचारून आत जावे, डोके झाकावे. नवगावला थडग्यांवरची अक्षरे वाचावीत. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, की येथे घाणा कोणाचा होता. ज्यांना हे उत्तर ठाऊक आहे, अशी माणसे आता फार उरलेली नाहीत. मिळालेले उत्तर तारीख घालून लिहून ठेवावे.