औंधचे स्वराज्य

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध नावाचे एक गाव आहे. गावाजवळच्या डोंगरावर यमाईचे देवालय आहे आणि त्याच डोंगरावर चित्रांनी व शिल्पांनी भरलेले एक संग्रहालय आहे. प्रवासी येतात, चित्रे पाहून तृप्त होतात आणि परत जातात. या चित्रांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट औंधने एके काळी घडविली; परंतु ती डोळ्यांना दिसण्याजोगी नसल्यामुळे फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही.

इंग्रजांच्या अमदानीत औंध हे एक संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. एक तुकडा औंधभोवती, दुसरा आटपाडीच्या दुष्काळी माणदेशात, तिसरा कुंडलच्या बाजूस, असा तो विखुरलेला होता आणि एकूण वस्ती लाखालाही पोचत नव्हती. १९०९ साली भवानराव पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा ओसाड माळ त्यांनीच दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. असा राजा लाभल्यावर प्रजेला आणखी काय हवे, असे कोणीही म्हणेल. पण राजा चांगला आहे तोवर सारे चांगले. त्याच्यामागून येणारा तसाच निघेल, याची हमी कोणी द्यावी?

१९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात, वयाची सत्तरी गाठलेल्या भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याचा आपला निश्चय जाहीर केला. विलायतेत शिकून आलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन हे या कामात पुढे होते. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली व जानेवारी १९३९ मध्ये ती प्रजेला मिळाली. गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींमधून तालुक्याची सभा व्हावी आणि तिच्यातून विधिमंडळावर प्रतिनिधी जावेत, अशी ती रचना होती. राजा उरला तो प्रजेचा पहिला सेवक म्हणून.

सत्ता देणे अवघड खरेच, पण घेणेही काही सोपे नसते. समजा, गावाला एकच विहीर खणता येईल एवढा पैसा आहे. पूर्वी लोक दरबारात अर्ज करीत. विहीर मिळाली तर राजाचा जयजयकार आणि न मिळाली तर राजाच्या नावाने बोटे मोडणे, एवढ्यावर सर्वांची सुटका होई. आता पाच पंचांनी एकत्र बसून ठरवायचे, की विहीर पाटलाच्या वाड्याशेजारी व्हावी, की जिथल्या बाया कोसभर पायपीट करून पाणी आणतात त्या वस्तीत. निर्णय चुकला तर दोष देण्यास दुसरे कोणी नाही आणि ज्यांचे मन दुखावले त्यांच्याच शेजारी उद्या राहावयाचे आहे! हा अधिकार लोकांनी झगडून मिळविलेला नव्हता, तो राजाने दिलेला होता, ही त्यातील उणीवही विसरता येत नाही. तथापि सत्ता हाती असताना, कोणी हिसकावून घेण्यापूर्वीच ती खाली ठेवणारे राजे इतिहासात किती सापडतील?

याहूनही धाडसाचा एक प्रयोग त्याच सुमारास आटपाडीजवळ झाला. तुरुंगातील बंदिवानांना भिंतींआड कोंडण्याऐवजी मोकळ्या माळावर आणून वसवावे, त्यांना शेती द्यावी आणि बायकामुलांसह राहू द्यावे, ही कल्पना फ्रीडमन यांनी मांडली. राजाने ती मान्य केली. त्यांतील एखादा पळून गेला असता तर लोकांनी राजाला वेड्यात काढले असते. राजाने तो धोका पत्करला. या वसाहतीला नाव मिळाले स्वतंत्रपूर. तिच्यावरूनच पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे त्याच माणदेशातले. त्यांचे शिक्षणही औंधासच झालेले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढच्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी व कुंडल ही गावे दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात गेली. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या, त्या वेळी मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे कुंडलपासून फार दूर नाही.

औंधची पंचायत आता जुन्या कागदांत उरली आहे. स्वतंत्रपूर मात्र अजून आहे. तेथील बंदिवान सकाळी उठून आपापल्या शेतावर जातात आणि दिवस मावळला म्हणजे आपल्या पायांनी परत येतात.