चाळ, ढोलकी आणि फीत

कोकणातल्या जाखडी नाचाच्या रेकॉर्डिंगचं मास्टरिंग करायला बसलो की माझे कान आधी पायांकडे जातात. शाहीर, ढोलकी, झांज मधे बसलेले आणि नाचणारे गडी त्यांच्याभोवती गोल फिरणारे, पायात घुंगरांचे चाळ बांधलेले. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये गौरी-गणपतीत अंगणात हा आवाज सगळीकडून येतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पहिले बळी जातात ते चाळच.

कॅसेटवर ते जायचेच. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ फितीवर बारीक, टोकदार आवाज जोरात उतरत नाही. चुंबकीय थर भरून जातो आणि धार बोथट होते. स्टुडिओतला स्पूल सेकंदाला 38 सेंटिमीटर धावला तर चाळ नीट पकडतो, पण लोकांच्या घरी जायची ती कॅसेट. म्हणून त्या काळी मास्टर करणारा चाळ आधीच थोडे मागे घ्यायचा आणि शाहिराचे शब्द पुढे आणायचा. काय सोडायचं हे फीतच त्याला सांगायची.

ढोलकीचं उलट. थापेचा कडक शेंडा फितीवर हळूच दाबला जातो, त्यात थोडे वरचे सूर मिसळतात आणि थाप गोल, भरदार वाटते. यालाच ॲनालॉगची ऊब म्हणतात. मला ती मनापासून आवडते. तरीही ती फितीने घातलेली भर आहे. समोर बसून ऐकलेली ढोलकी तशी नसते.

डिजिटलमध्ये चाळ पूर्ण येतात. 16 बिट म्हणजे सुमारे 96 डेसिबलचा पल्ला, साध्या कॅसेटपेक्षा कितीतरी मोठा. पण मोजपट्टीवरच्या शून्याच्या वर जागाच नाही. फीत वाकते, इथे लाट सपाट कापली जाते आणि आवाज फाटतो. म्हणून शेंडे दाबून धरणारा लिमिटर आला. मग त्याच लिमिटरने सगळंच वर ढकलायची चढाओढ लागली, आणि माझं खरं दुःख तिथे आहे. जाखडीतल्या शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबात, सवाल टाकला की चाळ एकदम थांबतात, क्षणभर कोणी हलत नाही, मग जवाब येतो. सगळं दाबून मोठं केलं की त्या थांब्यात माइकची खरखर भरते आणि जवाब आधीच्या गोंगाटाएवढाच राहतो. सामना तिथेच संपतो.

मंडळातली मुलं सांगतात, ‘दादा, अजून वाढवा, डीजेवर वाजलं पाहिजे.’ त्यांचं म्हणणं रास्त आहे, मिरवणुकीत ऐकू तर यायला हवं. पण यूट्यूब, स्पॉटिफाय जास्त मोठं गाणं आपणहून खाली आणतात, साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (ऐकू येणारा जोर मोजायचं माप) आसपास. वाढवलेला जोर जातो, मेलेली थाप राहते. मी दाबलेला आणि मोकळा असे दोन्ही मास्टर सारख्याच आवाजावर लावतो आणि त्यांनाच विचारतो. बहुतेक वेळा ढोलकीवाला पहिला बोलतो.

22 जुलै 2021 च्या पुरात सावित्री आणि गांधारी नद्या महाडच्या घराघरांत शिरल्या. त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कॅसेट आल्या. फितीचा पाया पॉलिएस्टरचा, तो पाणी सोसतो. खोका उघडायचा, फीत स्वच्छ पाण्याने धुवायची, उष्णता न देता सुकवायची, नव्या खोक्यात भरायची आणि वाजवतानाच 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवून घ्यायची.

उतरवल्यावर खरा मोह होतो तो फितीची सूं साफ करण्याचा. ती सूं आणि चाळ एकाच बारीक पट्ट्यात राहतात. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच वाटतात आणि सूं काढताना ते चाळही खातं. म्हणून मूळ फाइलला मी हात लावत नाही. ऐकायची प्रत वेगळी करतो, तिच्यातही सूं फक्त शब्द बुडतात तिथेच कमी करतो. मूळ फाइलच्या दोन प्रती ठेवतो: एक माझ्याकडे वरच्या मजल्यावर, दुसरी ज्या वाडीची कॅसेट तिच्या मुंबईतल्या मंडळाकडे.