दुखणं पायाचं, भोवलं डोळ्यांना

आमच्या घरी तांदूळ निवडायचं काम मामंजींचं. जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर, रिकामं बसवत नाही म्हणून त्यांनी ते आपण होऊन मागून घेतलं. आजऱ्याकडून घरचा घनसाळ येतो, त्यात खडे असायचेच. पण पेपर वाचून झाला की मामंजी ताट घेऊन अंगणात बसत आणि त्यांच्या हातून खडा म्हणून सुटत नसे. म्हणून गेल्या वर्षी एकाच आठवड्यात तीनदा दाताखाली खडा आला, तेव्हा सासूबाईंनी आधी माझ्याकडेच पाहिलं. "शाळेच्या घाईत धुताना बघत नाहीस वाटतं."

मी गप्प बसले. मामंजीच म्हणाले, "तिला कशाला बोलतेस? खडे माझेच आहेत. दिसत नाहीत हल्ली."

"उन्हाकडे तोंड करून बसा, म्हणजे दिसेल," मी म्हटलं.

"उन्हातच तर दिसत नाही गं! सगळं पांढरं होतं. त्यापेक्षा माजघरातल्या अंधारात बरं वाटतं."

आम्ही दोघी हसलो. उजेडात दिसत नाही आणि अंधारात दिसतं, असं कुठं असतं का? पण ते खरंच होतं, आणि त्याचं कारण माझ्याच पर्समध्ये होतं.

आठ वर्षांपूर्वी, मामंजी साठीचे असताना, एका मध्यरात्री त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. अंगावरची चादर अंगठ्याला लागली तरी ते कळवळत. घरात सगळे संधिवात म्हणाले. डॉक्टरांनी मात्र गाऊट म्हणून सांगितलं. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचतात, आणि एखाद्या रात्री तो सांधा पेटतो. त्यांनी पाच दिवसांसाठी एक स्टेरॉइडची गोळी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी मामंजी चालू लागले. आम्हाला ती जादूच वाटली.

घोटाळा पुढे झाला. पाच दिवस संपले, पण चिठ्ठी कपाटात राहिली. पुन्हा पाय दुखला की तीच चिठ्ठी बाहेर निघे. पुढे पुढे तर चिठ्ठीही लागेना. दुकानदार ओळखीचा, नाव सांगितलं की पाकीट हातात. अंगठा जरा चुरचुरला की अर्धी गोळी, लग्नाला जायचं असेल तर आधीच एक. शेवटी ती रोजचीच झाली. आणि आणणारी कोण? मीच. शाळेतून येताना भाजी, दूध आणि मामंजींची पायाची गोळी, अशी माझी यादी ठरलेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, एखादी गोळी बरेच दिवस चालू आहे का?"

"छे, काहीच नाही," मामंजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पायाच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असंच त्यांना वाटलं असणार. मी पर्स उघडली. त्याच सकाळी घेतलेलं पाकीट आत होतं. डॉक्टरांनी त्यावरचं नाव वाचलं आणि "किती वर्षं?" एवढंच विचारलं.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. वयामुळे तो पुष्कळांना होतो. पण स्टेरॉइड फार दिवस घेतलं की भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी नजरेच्या वाटेवर, डाग धरू शकतो. उन्हात बाहुली बारीक होते, मग प्रकाश नेमका त्या डागातूनच आत जातो आणि सगळं पांढरं दिसतं. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा कडेनं थोडं दिसतं. म्हणजे मामंजींचं माजघर बरोबर होतं आणि आमचं हसणं चूक!

"सगळा दोष गोळीचाच, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "वयही आहेच." अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गाऊट असलेल्यांत मोतीबिंदू जास्त आढळला. म्हणून गाऊट झाला की मोतीबिंदू होणारच, असं मात्र नाही. पण अशा माणसांनी डोळे वेळच्या वेळी दाखवावेत हे बरं. स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. मामंजींची साखर वाढलेलीच निघाली.

मी घरी येऊन ती गोळी फेकूनच देणार होते. डॉक्टरांनी बजावलं, "एकदम बंद करू नका." पुष्कळ दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकाएकी थांबवलं तर माणूस गळून पडतो. फिजिशियननी ती हळूहळू कमी करत सोडवली. युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्यासाठी ॲलोप्युरिनॉल थोड्या मात्रेपासून सुरू केलं. ते पाय दुखत नसतानाही रोज घ्यायचं, हे मामंजींना पटायला महिना गेला.

जेवणात फारसे हाल केले नाहीत. डाळी बंद कराव्या लागल्या नाहीत. कलेजी, खिमा, तारली कमी केली, पाणी वाढवलं. भांडण झालं ते रविवारच्या मटणावर. "तुकडे नकोत, नुसता रस्सा वाढ," म्हणत. पण मटण उकळताना त्यातलं प्युरिन, ज्याचं युरिक ॲसिड होतं, ते रश्शातच उतरतं. हे ऐकून ते दोन दिवस बोलले नाहीत.

एका रात्री मी त्यांच्याजवळ रडले. म्हटलं, "मीच आणून देत होते." ते म्हणाले, "मागितली मी, आणलीस तू. अर्धा अर्धा हिशेब. खातं बंद." मला ते खातं अजून बंद करता आलेलं नाही.

महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन नवी भिंगं बसली. वाचायला चष्मा लागतो, पण उन्हात लख्ख दिसतं. मैत्रिणींनो, आपल्या घरातल्या वडीलमाणसांचा औषधांचा डबा एकदा उघडून बघा. कोणती गोळी कुणी, कधी, किती दिवसांसाठी दिली होती, हे विचारा. आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटं बरोबर न्या, पायाची, पोटाची, सगळी.

आमच्याकडे आता डबा मामंजींच्याच ताब्यात असतो. मी औषध आणलं की ते चष्मा लावून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचतात, चिठ्ठीशी ताडून बघतात, आणि मगच आत ठेवतात. तांदळात खडे सापडत नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच.